शेवटच्या रांगेतला हात

आमच्या घरचा धंदा मंडप आणि साऊंडचा. पनवेलपासून उरणपर्यंत कुठल्याही हळदीत छातीत धडधडायला लागलं की समजावं, स्पीकर आमच्या बाबांचे. डीजे सुरू व्हायच्या आधी एकजण माईकवर बोलतो आणि बाबा मंडपाच्या पार टोकाला जाऊन उभे राहतात. आवाज नीट पोचला की हात वर करतात. तोवर कुणी जागचं हलायचं नाही.

अशा माणसाच्या मुलीनं शिकायला काय घ्यावं? तर ऑपेरा. भल्यामोठ्या हॉलमध्ये, माईकशिवाय गायचं!

"माईक नाय?" बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मंग आयकू कुनाला येनार?"

खांदा कॉलनीतल्या माझ्या गाण्याच्या बाईंनी सुरुवातीला मला गाऊच दिलं नाही. जमिनीवर उताणं झोपवायचं, पोटावर जाडजूड पुस्तकं ठेवायची आणि श्वास घ्यायला लावायचा. घरी मी पुस्तकांऐवजी वायरचं भेंडोळं ठेवायचे. आमच्याकडे तेच मुबलक होतं. पुढे मी इटालियन गायला लागले, तेव्हा शेजारच्या काकू पोरीचं पोट दुखतंय का, असं विचारून गेल्या.

माझा पहिला एकटीचा कार्यक्रम ठरला आणि बाबांनी अट घातली. "शेवटच्या खुर्चीवर आवाज आला नाय, तर ह्यो नाद सोडायचा. दुकानात बसायचं."

मी तोऱ्यात हो म्हटलं. मग मात्र झोप उडाली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बघते तर हॉलच्या दारात आमचा टेम्पो, वर दोरीनं करकचून बांधलेले स्पीकर! आयोजकांकडे माईक नाही म्हणजे परिस्थिती बेताची असणार, पोरीची फजिती नको, म्हणून बाबा सगळा सेट घेऊन आले होते. बाईंनी कपाळाला हात लावला.

"बाबा, टेम्पोतच राहू दे ना," मी म्हणाले.

ते गाल फुगवून आत गेले आणि थेट शेवटच्या रांगेत बसले.

पहिल्या ओळीला माझा आवाज थरथरला. मागे काहीच हाललं नाही. मला दुकानाचं काउंटर दिसायला लागलं. मग पोटावरचं भेंडोळं आठवलं, श्वास खोल घेतला आणि वरचा सूर लावला.

शेवटच्या रांगेत हात वर गेला.

कुणाला तरी काही विचारायचंय, असं बाईंना वाटलं. मला मात्र इतका आनंद झाला, की डोळे भरले; तरी सूर हलला नाही. गाणं संपेपर्यंत बाबांनी तो हात खाली घेतला नाही.