दोरीला पहिला हात

"तू हात लावू नकोस. मी धरतो, तू वाच."

चर्चच्या ऑफिसात विश्वस्त मला असं म्हणाले. खुर्ची दिली नव्हतीच. आमच्या चर्चच्या जागेची राजानं दिलेली सनद त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. उलटी. मोडीतलं एक अक्षर ह्या माणसाला येत नाही, आणि माझ्या हातानं कागद विटाळेल ह्याची भीती मात्र आहे. "उलटा आहे," मी म्हटलं. त्यांनी सरळ केला. खजील वगैरे काही झाले नाहीत.

मी तंजावूरची, चुनाभट्टी गल्लीतली. आमचे पूर्वज चुना भाजायचे, इथल्या मराठा राजांच्या राजवाड्याच्या भिंतींना गिलावा करायचे. मराठी तिथूनच आमच्या घरात आली. मी मोडी शिकले, जुने कागद वाचून देते, त्यावर पोट भरते. चर्चच्या इतिहासाचं पुस्तक निघणार होतं, त्यात संस्थापकांची नावं हवी होती, म्हणून मला बोलावणं आलं. एरवी ह्या ऑफिसात आम्हाला कोण विचारतंय?

संस्थापक म्हणजे विश्वस्तांचं घराणं, असंच आजवर चालत आलंय. स्थापनादिनी खांबावर झेंडा चढतो, तेव्हा दोरीला पहिला हात त्यांचा. नऊ वर्षांची असताना मी गर्दीतून पुढे घुसून ती दोरी धरली होती. ह्याच विश्वस्तांनी माझ्या हातावर छत्रीचा दांडा हाणला. मग सगळ्यांदेखत दोरी धुऊन घेतली. अप्पा मला म्हणाले, "उगी राहा गे. पेरियवर आहेत ते." पेरियवर म्हणजे मोठी माणसं. माझ्या बापानं हात जोडून माफी मागितली. दांड्यापेक्षा मला ते लागलं. तो राग अजून माझ्या पोटात आहे.

तर मी वाचू लागले. भट्टीशेजारी झावळ्यांच्या छपराखाली प्रार्थना करणाऱ्या लोकांनी अर्ज केला, म्हणून ही जागा त्यांना दिली. पुढे चार नावं. याकोब, तोमा, सवरी, अरुळ.

ती नावं मी पुन्हा एकदा वाचली. घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेच्या शेवटी अप्पा रोज हीच चार नावं घेतात, ह्याच क्रमानं. त्यांनाही ती त्यांच्या बापाकडून आलेली, कोणाची ते ठाऊक नाही. लहानपणी मला ते संत वाटायचे. चर्चमध्ये मी त्यांचे पुतळे शोधायची. संत कसले, चुना भाजणारी आमची माणसं ती.

"ते कूली लोक सोड," विश्वस्त म्हणाले. "आमच्या घराण्याचं नाव कुठे आहे ते बघ."

होतं. अगदी शेवटच्या ओळीत. ह्या लोकांना जागा देऊ नये, अशी हरकत घेणारा म्हणून. मी त्यांच्या पूर्वजाचं नाव मोठ्यानं वाचलं. हे घराणं ख्रिस्ती झालं ते पुढे केव्हातरी, आणि झालं ते थेट पहिल्या बाकावर बसायला.

त्यांनी सनदेची घडी घातली, कपाटात टाकली, कुलूप लावलं.

"जागा राजानं दिली, चर्च आम्ही बांधलं. एवढंच लिही आणि खाली सही कर."

"नाही करणार."

"मग तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? कागद इथे आहे."

राजवाडा सनद देताना स्वतःकडे नक्कल ठेवायचा, हे त्यांना माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी जुन्या दफ्तरात ती शोधली. हरकतीच्या ओळीसकट अख्खी उतरवून घेतली, तमिळमध्ये केली आणि गल्लीत घरोघर दिली. अप्पांना वाचून दाखवली. चार नावं ऐकून ते रडले. मग डोळे पुसत म्हणाले, "उगी राहा गे."

आता नाही राहायची.

येत्या स्थापनादिनी दोरीला पहिला हात अप्पांचा लागेल. त्यांनी तो मागे घेतला तर मी धरून लावीन. कोणी छत्री उगारली, तर तिथेच खांबाखाली उभी राहून ती शेवटची ओळ वाचीन. आधी मराठीत, मग सगळ्या गावाला कळेल अशी तमिळमध्ये. हरकत घेणाऱ्याच्या नावासकट.