कालचं आज दुरुस्त

खामगावच्या अभ्यासिकेत एक काका रोज माझ्या शेजारी पेपर वाचायला बसत. वाचताना त्यांच्या भुवयाही वाचत. सिस्टीम अ‍ॅडमिनच्या परीक्षेच्या सरावासाठी मी माझ्या लॅपटॉपमध्येच दोन-तीन आभासी कॉम्प्युटर उभे केले होते. त्यातला एक मी मुद्दाम बिघडवला, तेव्हा काका कळवळले.

"चांगला चालू होता ना. काऊन मारलं बे त्याले?"

मी त्याची आदल्या दिवशी जपून ठेवलेली प्रत उघडली, आणि तो कालच्यासारखा सुरू झाला. काका पडद्याकडे पाहतच राहिले.

"माणसाले नाही जमत ना असं?"

"नाही काका."

त्यांनी पेपरची घडी केली आणि बाहेर जाऊन घरी फोन लावला. खिडकीतून ऐकू आलं, "अवं, काल म्या तुह्या भाजीले नावं ठेवली, ते चुकलंच माह्यं. हाव. पण आज वांगे नोको करू."