यमुनाबाईचं गाणं

श्रावण गजभिये सौंसरहून साप्ताहिक काढायचा. दरवर्षी भीमजयंतीला त्याचा विशेषांक निघायचा आणि त्यात संत्र्याच्या बागांत राबणाऱ्या बायांची गाणी त्यांच्या नावासकट छापून यायची. पण गल्लोगल्ली टीव्ही आले, वाचणारे घटले, आणि सत्त्याऐंशी साली अंक छापणारा पांढुर्ण्याचा छापखानाही बंद पडला.

त्या जयंतीला श्रावणनं ती गाणी मंडपात माइकवर वाचून दाखवली. टाळ्या भरपूर पडल्या. सगळे पांगल्यावर यमुनाबाई जवळ आली. तिनं पहिल्यांदाच गाणं दिलं होतं.

"भाऊ, अंक कधी निघून राह्यला? माझं नाव छापल्यावर कसं दिसते, ते पाहाचं होतं."

"आता नाही निघत, बाई."

श्रावणनं हातातला तिच्या गाण्याचा कागद, खालच्या तिच्या नावावर बोट ठेवून, तिच्यापुढं धरला.

"हे तं पेनानं लिवलं हाय," असं म्हणून ती घराकडे निघाली.