बावखलातली नळी

नंदाखाल गावातल्या एका वाडीत नारळ उतरवणारा तो गडी मला एकदाच दिसला. झावळी पडून गांधीलमाश्यांचं पोळं फुटलं. खाली उभे असलेले त्याचे दोघे जोडीदार माश्या डसून असे सुजले की त्यांना धड पळवेना. हा सरसर उतरला, पपईचं पान देठासकट मोडून डोक्यावर नाचवत उलट्या दिशेला धावला.

"या गं बायांनो, माझ्यामागं या!"

सगळा थवा त्याच्यामागं. त्यानं बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, खोल पाण्यात उडी घेतली. बराच वेळ वर फक्त पपईच्या देठाची पोकळ नळी दिसत होती. माश्या पांगल्यावर सुजलेलं तोंड वर आलं.

"दोघं घरात पोचले काय?"

"पोचले," मी म्हटलं. "छान पोहता हो तुम्ही!"

काठावरच्या झाडाचं मूळ घट्ट धरून तो हसला. "पोहायला कुठं येतंय? पन माश्यांना काय ठाऊक!"