घोडी आडवी होईना

नवरा गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना एकच वाक्य ऐकवायचा, "ते तुमच्या आसपासच आहेत." आसपास म्हणजे नेमके कुठे, असं मी विचारायची. मग लोक चहा अर्धा टाकून उठायचे. मी फिजिओथेरपिस्ट. आयुष्यभर माणसांच्या माना आणि कंबरा मोकळ्या केल्या. जे हाताला लागत नाही त्यावर माझा विश्वास नाही. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी पुण्याहून भोपाळला आलो आणि तिथल्या सोनागिरी वस्तीतच रुजलो. आता त्या घरात मी एकटी.

अशात एके दुपारी जवळच्या बाग सेवनिया वस्तीतून एक बाई आली. तिचा नवरा वरातींना घोडी द्यायचा. दुखऱ्या खांद्यासाठी तो माझ्याकडे यायचा आणि उपचार संपेपर्यंत घोडीचंच कौतुक सांगायचा. पावसाळ्यात तो वारला. तेव्हापासून घोडी आडवीच झाली नव्हती.

"दीदी, खड़ी-खड़ी ऊँघती है और गिर पड़ती है. आप हाथ लगाकर देखो ना."

"भाभी, मैं आदमियों का इलाज करती हूँ."

"हाथ तो वही हैं ना."

जनावरांच्या डॉक्टरनं तिला समजावलं होतं. घोडा उभ्यानं डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. हाडं शाबूत आहेत, पाठ आखडली आहे, मालिश करून बघा. अशीच कोसळून पाय मोडला तर मात्र इंजेक्शन देऊन सोडवण्याशिवाय इलाज नाही.

पत्र्याच्या तबेल्यात पांढरी घोडी उभी होती. पुढचे दोन्ही गुडघे पडून पडून सोललेले. मी कोपरं ताठ ठेवून, सगळं वजन टाकून तिची पाठ दाबली तर पाटा दाबल्यासारखं वाटलं. मान संपते तिथून सुरुवात केली, तळव्यानं गोल गोल चोळत मागच्या पुठ्ठ्यापर्यंत गेले. पहिले काही दिवस तिनं मला शेपटीचे फटकारे दिले. मीही तिला मराठीतून शिव्या दिल्या. मग हळूहळू पाठ मऊ व्हायला लागली. खालचा ओठ लोंबायचा, जांभई यायची, डोळे मिटायचे. आता बसेल म्हणून आम्ही दोघी श्वास रोखून बघायचो, आणि तेवढ्यात गुडघे लटपटून ती दचकायची, पुन्हा ताठ. मी हात टेकले. घोडं जिथे पेंड खात होतं, ती जागा पाठीत नव्हतीच.

"आधी कशी झोपायची?" मी एकदा भाभीला विचारलं, अर्थात हिंदीत.

रात्रभर वराती, म्हणून भाभीचा नवरा दुपारी झोपायचा, तबेल्यातच, कोपऱ्यात खाट टाकून. तो तोंडावर गमछा ओढायचा, की घोडी त्याच्या शेजारी आडवी व्हायची. ती खाट भाभीनं तेराव्याला दान दिली होती. रीतच आहे, मेलेल्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. आम्ही दुसरी खाट आणली. भाभीनं तिच्यावर झोपून बघितलं, मीही झोपून बघितलं. घोडीनं खाट हुंगली आणि तोंड फिरवलं. खाट परत गेली.

मग ती दुपार. थंडीचे दिवस, दारातून ऊन आत आलेलं. माझे दोन्ही हात तिच्या पाठीवर होते. एकाएकी हाताखालचा सगळा ताण गेला. मी काहीही केलं नव्हतं, हे मला माझ्या धंद्याची शपथ घेऊन सांगता येईल. तिचे कान दाराकडे वळले. नाकपुड्यांतून हलकी फुरफुर आली, ओळखीच्या माणसाला बघून घोडे करतात तशी. दारात कोणी नव्हतं. तिची मान मात्र वळत गेली, सावकाश, दारापासून कोपऱ्यापर्यंत, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर नजर ठेवून. कोपऱ्यात ती थांबली. नजर खाली उतरली. मग घोडीनं पुढचे गुडघे दुमडले आणि ती धप्पकन आडवी झाली.

माझे हात हवेत तसेच राहिले. मागे वळून पाहिलं तर भाभीनं डोक्यावरून पदर पुढे ओढून घेतला होता, नवऱ्यासमोर घेतात तसा. रिकाम्या कोपऱ्याकडे बघत ती हळूच, रागानं म्हणाली, "इतने दिन लगा दिए?"

घोडी घोरत होती. पाय झोपेत हलत होते. तिचा जीव वाचला होता, मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. भीतीही वाटली नाही. मला भाभीचा हेवा वाटला. जनावर थकून अखेर कोसळलं, दुसरं काय, असं मी मनाशी म्हणत होते आणि त्या कोपऱ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिथे काही दिसलं नसतं तर सोसलं नसतं, आणि दिसलं असतं तर तो तिचा नवरा असता, माझा नव्हे.

घरी आले. कुलूप काढलं. हॉलमध्ये उभी राहून, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता, मोठ्यानं म्हणाले, "अहो, लोक येतात परत. तुम्हालाच काय झालंय?"

आणि दार उघडं ठेवून, चपलाही न काढता, मी उत्तराची वाट बघत उभी राहिले.