पाहणीच्या चाकांतला काळा स्पोक

कापडाच्या दुकानातलं गिऱ्हाईक कापड घेतलं की चालू लागतं. सायकलच्या दुकानातलं गिऱ्हाईक जाणार कुठे? त्याचं चाक आपल्या हातात असतं! मग ते बसतं, बिडी पेटवतं आणि बोलत राहतं. बुलढाण्याच्या बसस्टँडमागे मी आणि करीमचाचा मिळून सायकलचं दुकान चालवायचो, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं आणि मीही. किस्से इतके साठलेत की आता एक काढायला गेलं तर मागून चार निघतात.

आणि सगळे चाकांचेच. 'वसंता, चाकं कोणते टाकू?' या प्रश्नाचं मी आयुष्यभर एकच उत्तर दिलं. बाबा रे, आपल्या सायकलीला गिअर नाही. चढ असो की उतार, पायात आहे तेवढंच बळ. रस्ते मुरमाचे, कडेला बाभळी, खाली सराट्याचे काटे. काळी जाड रिम घे, जाड टायर घे आणि सुखानं राहा. समोरचा मान डोलवायचा, सगळं पटल्यासारखं दाखवायचा आणि म्हणायचा, "बराबर हाये. पन ते चमकतात ते दाखवा."

ते म्हणजे मुंबईहून येणाऱ्या पातळ, चकचकीत रिमा. तोंड दिसायचं त्यांत. दणका सोसायची वेळ आली की मात्र बांगडीसारख्या.

* * *

कोर्टातले एक बेलिफ होते. समन्स घेऊन घाटाखालच्या गावांना जायचे. मी नको नको म्हणत असताना त्यांनी चमकत्या रिमा बसवून घेतल्या. आठ दिवसांनी आले ते कोपराला फडकं बांधून, लंगडत. सायकल पाहिली तर ब्रेकची रबरं जागेवर नाहीत.

"साहेब, रबरं कुठी गेले?"

"मीच काढले. रिमले ओरखडे पडून राह्यले होते."

"अन् घाट उतरले तुमी?"

"उतरलो."

"मंग थांबले कसे?"

बेलिफांनी कोपरावरचं फडकं घट्ट केलं. "थांबलो नाई," ते म्हणाले. "समोरून कडब्याची गाडी आली."

* * *

एका तलाठ्यानं त्याच रिमा घेतल्या. त्यांना धुळीची भारी धास्ती. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून त्यांनी दोन्ही रिमा पायाला बँडेज बांधावं तशा गुंडाळल्या. महिना गेला, दोन गेले, पट्ट्या काही सुटेनात. दुकानापुढून रोज ती बँडेजवाली चाकं जायची आणि माझं डोकं उठायचं. शेवटी एक दिवस मी त्यांना आडवा गेलो.

"तलाठीभाऊ, मंग हे चमकतात कवा?"

"आत चमकतात ना," तलाठी म्हणाले. "मले माहीत हाये."

* * *

हे सगळं मी रोज घरी जेवताना चिडून सांगायचो. आमचं घर बुलढाण्यापासून चार मैलांवर, खेड्यात. आई-बाबा अर्धं ऐकायचे. धाकटी बहीण कुसुम मात्र भाकरी वाढता वाढता सगळं ऐकायची. कोणाच्या सायकलीला कोणतं चाक, हे माझ्यापेक्षा तिच्या जास्त लक्षात राहायचं.

या कुसुमचं लग्न माझ्यामुळे अडलं होतं. चिखलीकडचे लोक तिला पाहायला आले. पोरगी पसंत होती, बोलणीही बरी झाली. निघताना मी पानसुपारीचं तबक पुढे केलं आणि मुलाच्या काकांनी माझे हात पाहिले. सायकल दुरुस्त करणाऱ्याचे हात रॉकेलनं धुतले तरी नखांच्या कडा काळ्याच राहतात. दुसऱ्या दिवशी निरोप आला, 'पोरीचा भाऊ पंक्चर काढते, आमच्या घराण्याले जमत नाई.'

चार दिवसांनी हेच काका दुकानात आले. पंक्चर घेऊन! त्यांनी मला पाहिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली. चाचा म्हणाले, "मी काढतो, तू चाय पी." मी चहा प्यालो, पण तो काही गोड लागला नाही.

त्यानंतर बाबांनी ठरवून टाकलं. पुढच्या वेळी 'मुलगा बुलढाण्याला धंद्यात आहे' एवढंच सांगायचं, आणि मी पाहुण्यांसमोर उपरण्याखाली हात घेऊन बसायचं. मला वाईट वाटलं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण बहिणीच्या लग्नाचा प्रश्न होता. हात काय, मी तोंडही झाकून बसलो असतो.

* * *

आता पाहणीच्या चाकांबद्दल सांगतो, कारण तो प्रकार आमच्या दुकानाशिवाय कुठे असेल असं मला वाटत नाही.

चमकत्या चाकांची एक जोडी विकली न जाता पडून होती. चाचांनी डोकं चालवलं. मुलगी पाहायला निघालेल्या माणसाला ती जोडी एका दिवसापुरती भाड्यानं द्यायची. त्याची काळी चाकं आमच्या खुंटीवर. परत आला की अदलाबदल. त्या काळी स्वतःची सायकल असणं म्हणजे अर्धं स्थळ, आणि चाकं चमकत असली की उरलेलं अर्धं. जोडीचा एक रविवार रिकामा जाईना. पंचक्रोशीतल्या कितीतरी बाया त्या एकाच जोडीकडे पाहून नांदायला आल्या असतील.

मला चीड यायची. "चाचा, हे फसवनूक हाये."

"फसवनूक कायची बे? लग्नात उसना कोट घालत नाई का मानूस? हे उसने चाकं."

चाचांचा एकच नियम होता. कुठं चालला, हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून टोकलं की काम होत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. या नियमापायी लागोपाठच्या दोन रविवारी दोन वेगवेगळे नवरदेव एकाच घरी जाऊन आले. दुसऱ्या वेळी मुलीचे आजोबा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी सायकल पाहिली, मग नवरदेव पाहिला.

"पोरगा बदलला वाटते," आजोबा म्हणाले. "चाकं तेच हायेत."

* * *

एक नवरदेव मामाला कॅरियरवर बसवून गेला. मामा चांगले भरभक्कम. परत आला तेव्हा मागचं चाक दुमडलेल्या भाकरीसारखं झालेलं आणि एक स्पोक तुटलेला. चाक सरळ करता करता माझे दोन दिवस गेले. चमकणारा स्पोक दुकानात नव्हता, म्हणून एक काळा बसवला. तात्पुरता! तात्पुरतं म्हणून बसवलेलं कधी निघतं का? तो राहिलाच.

त्या दिवशी घरी मी फार चिडलेलो होतो. "एकोनचाळीस चमकतात अन् एक काळा. लाज वाटून राह्यली मले त्या चाकाची."

"पन तोच टिकन, पाहाजो तू," कुसुम म्हणाली आणि माझ्या ताटात आमटी वाढली.

मग आम्ही पद्धत बदलली. नवरदेवानं आपल्या काळ्या चाकांवर जायचं, चमकती जोडी कॅरियरला बांधून न्यायची. गावाच्या वेशीपाशी मारुतीच्या देवळात थांबून चाकं बदलायची, काळी तिथेच मारुतीच्या स्वाधीन करायची आणि चमकत गावात शिरायचं. पाना आम्ही सोबत द्यायचो. वर मी प्रत्येकाला बजावायचो, "मामाले पायी ने."

* * *

आणि मग तो रविवार. मी शनिवारपासून दुकानात गेलो नव्हतो, कारण कुसुमला पाहायला माणसं यायची होती. मुलगा मास्तर होता. सोनुने मास्तर. बुलढाण्यापासून सहा मैलांवरच्या एका खेड्यात शाळेवर. घर सारवून झालं, पोह्यांची तयारी झाली. मी दोनदा रॉकेल आणि तीनदा राखुंडी लावून हात घासले आणि उपरण्याखाली घेऊन ओट्यावर बसलो.

मास्तर आले. सोबत मामा होते, ते पायी, घामाघूम. मास्तरांनी सायकल समोरच्या भिंतीला टेकवली. चाकं उन्हात लखलख करत होती. मागच्यात एक काळा स्पोक.

आता करावं काय? बोलावं तर 'तुला कसं ठाऊक' म्हणून माझे हात बाहेर येतात. न बोलावं तर बहीण उसन्या चाकांकडे पाहून दिली जाते. चाचांच्या नियमाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि उपरणं आणखी आवळून घेतलं.

मामांना दम लागलेला, पण तोंड थांबेना. "पोराची सोताची सायकल हाये. चाकं पाहा! तोंड पाहून घ्या पाह्यजे त."

मास्तर मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते.

बाबाही मागे राहिले नाहीत. "आमचा वसंताबी बुलढान्याले धंद्यात हाये."

"कायचा धंदा?"

"मोठा हाये," बाबा म्हणाले.

कुसुम पोहे घेऊन आली. बशा ठेवताना तिची नजर एकदा भिंतीकडे गेली, एकदा माझ्या उपरण्याकडे आली. मग ती आईजवळ जाऊन बसली. नाव काय, किती शिकली, विणकाम येतं का, सगळं विचारून झालं. शेवटी मामा मोठेपणानं म्हणाले, "पोरी, तुले काई पुसाचं असन त पूस." हे विचारतात ते मुलीनं मान हलवून 'नाही' म्हणावं म्हणून.

कुसुमनं काही विचारलं नाही. तिनं सांगितलं.

"मांगच्या चाकात एक काळा स्पोक हाये," ती म्हणाली. "तो माह्या दादानं बसवला. मजबूत हाये."

मामांचा घास हातातच राहिला. बाबांनी डोळे मिटून घेतले. मला एकाच वेळी तिचा राग आला आणि रडू आलं. संपलं हेही स्थळ, असं म्हणून मी उपरणं बाजूला काढलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

मास्तरांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मान वर केली.

"दादा," ते म्हणाले, "माहे काळे चाकं तुमच्या मारुतीच्या देवळात ठेवून आलो. मांगच्याचा कोन ढिला हाये, चाक हालते. येता का जरा पाहाले?"

आम्ही दोघं उठलो. पोहे तसेच टाकून. देवळात चाकं भिंतीशी नीट उभी करून ठेवलेली होती. जाड टायर, तेल घातलेलं, एकही स्पोक सैल नाही. आसावरचा कोन म्हणतात तो नट तेवढा ढिला होता, तो मी त्यांच्याकडच्या, म्हणजे आमच्याच पान्यानं कसला. मास्तरांनी चाक धरून ठेवलं होतं, त्यांचेही हात काळे झाले. परत आलो तर मामा आणि बाबा पंचांगात डोकं घालून बसलेले.

सोमवारी मी चाचांवर भडकलो. "माह्याच घरी? चाचा, माह्याच घरी?"

"मी पुसलंच नाई बे," चाचा म्हणाले. "आपला नियम हाये ना."

* * *

लग्न झालं. कुसुम सासरी जाऊन मांडवपरतणीला माहेरी आली आणि मास्तर तिला परत न्यायला आले. त्यांच्या गावाला बस नव्हती. काळ्या चाकांच्या सायकलवर पुढे मास्तर, मागे कॅरियरवर कुसुम, मांडीवर पिशवी. जाताना दुकानावर थांबले. मी मनातून फार खूश होतो. इतक्या वर्षांत माझं ऐकणारी माणसं शेवटी मिळाली, तीही घरातच.

कुसुम कॅरियरवरून उतरली, दुकानात आली आणि तिनं खुंटीवरच्या पाहणीच्या चाकांकडे बोट केलं.

"दादा, ते दे."

"अवं, काऊन?"

"गावात बाया पाहाले उभ्या राहतीन. मी मांडीवर धरून नेते, वेशीपाशी बदलून घेऊ. पाना बी दे."

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर रस्त्याकडे पाहत होते. मी कपाळावर हात मारून घेतला, कपाळाला ग्रीस लागलं. "सहा मैल!" मी म्हणालो. "सराटे हायेत, मुरूम हाये, दोन चाकं मांडीवर घेऊन तू..." ऐकतं कोण? चाचांनी चाकं काढून फडक्यानं पुसायलाही घेतली होती.

द्यायचीच तर नीट द्यावी. चमकणारे स्पोक मधल्या काळात अकोल्याहून आले होते, त्यातला एक मी काढला. मागचं चाक मांडीवर घेतलं आणि त्या काळ्या स्पोकला किल्ली लावली.

कुसुमनं चाक माझ्या हातातून ओढून घेतलं.

"त्याले हात लावू नको," ती म्हणाली.