आजारी नसलेली साक्षीदार

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आणि जिला मी माझी गुडघेदुखी रोज फोनवर ऐकवते त्या सख्ख्या बहिणीपाशीही नाही. वकिलाला सवय असते हो — दुसऱ्याची कबुली ऐकायची, कागदावर घ्यायची, आणि घरी येऊन निवांत मेथी निवडायची. स्वतःची द्यायची वेळ आली की मात्र — बघा, आत्ताच मी विषय सगळ्या वकिलांवर नेला. असंच करते मी. सत्तावीस वर्षं तेच करत आले आहे.

माझं घर उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, माहेर अंबरनाथचं. वडील तिथल्या कारखान्यात अधिकारी होते, आणि मुलीने काळा कोट घालावा ही त्यांचीच हौस. कोर्टात मी तोंडाने फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. समोरच्याची उलटतपासणी घ्यायला उभी राहिले की ज्युनियर पोरं ऐकायला येऊन बसतात. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे, थोडं मिरवतेही आहे. पण सांगायचं ते असं की मी काही घाबरट बाई म्हणून ओळखली जात नाही. मग माझ्या हातून जे झालं, ते झालं कसं?

निवडणुकीपासून सुरुवात करते. आमच्या कोर्टातल्या वकील संघटनेची निवडणूक. बाहेरच्याला हसू येईल — दोन-अडीचशे वकील, एक कपाट, एक पाण्याचा कूलर आणि त्याचं अध्यक्षपद. पण आत असणाऱ्याला विचारा. तोवर एकही बाई अध्यक्ष झाली नव्हती. शिवाय अध्यक्ष झालं की पुढे सरकारी वकिलांच्या नेमणुकीत नावाचा विचार होतो, असं बोललं जायचं. मला सरकारी वकील व्हायचं होतं. फार व्हायचं होतं. माझ्या पत्रकात पहिलंच आश्वासन होतं — वयोवृद्ध पक्षकार आणि साक्षीदार यांच्या साक्षी आधी व्हाव्यात म्हणून संघटना न्यायाधीशांना निवेदन देईल. हे वाक्य मीच लिहिलं होतं. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं? माझ्या एका पक्षकाराची, विमलची आत्याच होती.

विमल मूळची पालेगावची, दिलेली सोनिवलीला. तिच्या वडिलांची जमीन दोघा भावांनी बिल्डरला दिली, तेव्हा तिला कळलं की कितीतरी वर्षांपूर्वी तिने म्हणे हक्कसोड पत्र करून दिलेलं आहे. रजिस्टर केलेलं, अंगठ्यासह. अंगठा इतका पुसट की तज्ज्ञानेही हात वर केले. आणि कागदावर जी तारीख होती, त्या दिवशी विमल सोनिवलीला आत्याच्या घरी बाळंत झाली होती. दवाखान्यात नाही, घरातच. मुलीच्या दाखल्यावरची जन्मतारीख शाळेत घालताना अंदाजाने टाकलेली, त्यामुळे कागद काहीच नाही. होती ती आत्या. जिने स्वतःच्या हातांनी ते मूल घेतलं होतं.

माझ्याकडे ती आली ते मी बाई आहे म्हणून. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, जमीन मिलेल तवा मिलेल. पन गावात सगली बोलतान, विमलनीच अंगठा दिला आन आता लालूच सुटली. तेवढा कागदावर येवं दे, मी दिला नाय म्हणून." तिला पैशांपेक्षा ते हवं होतं. मी मान डोलावली. तेव्हा मी खरंच डोलावली होती, यावर कृपा करून विश्वास ठेवा — किंवा नका ठेवू.

आत्याचं वय ऐंशीच्या पुढे. पण बाई खणखणीत होती. मी तिचं प्रतिज्ञापत्र तयार केलं तेव्हा तिने मला दिवस, वार, कुठल्या घरचं लग्न होतं, सुईण उशिरा पोचली तोवर पाणी कोणी तापवलं, सगळं सांगितलं. "मना सगला ठावं हाय गो बाय," म्हणाली. "पोर माज्या हातान आलेली. विमल कशी जाईल त्या दिशी अंगठा लावाला?" मी मनात म्हटलं, ही साक्षीदार म्हणजे सोनं आहे. समोरच्याने काहीही विचारू दे, ही हलणार नाही. फक्त उलटतपास व्हायचा बाकी होता. तो झाला नाही तर प्रतिज्ञापत्राला काही अर्थ राहत नाही, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही माहीत असतं.

तर तारीख लागली. आत्या सोनिवलीहून रिक्षाने आली, विमलने तिला दंडाला धरून आणलं. धुतलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. आणि त्याच सकाळी मला फोन आला — बदलापूरचे एक ज्येष्ठ वकील, ज्यांच्या शब्दावर वीसेक मतं फिरतात, ते बारा वाजता घरी भेटतील. आमच्याकडे तसाच रिवाज आहे. मत देणारा मत देतो, पण उमेदवाराला त्याच्या दारी जावं लागतं. कॅम्पातले एक सिंधी सहकारी मला सरळच म्हणाले होते, "मॅडम, वोट तो आपका ही है, पर घर पे एक बार चाय पीने आना पड़ेगा ना." मीही हसत गेले होते. कितीजणांकडे गेले होते!

उलटतपासाला दोन-तीन तास लागले असते. मी काय केलं — आता आलंच बोलायला तर बोलते. मी त्या दोघींना खाली स्टॅम्प विकणाऱ्याच्या टेबलापाशी बाकावर बसवलं. म्हटलं, वर फार उकडतं, आजींना त्रास नको, मी बोलवायला येते. दोघींना चहा सांगितला. किती काळजी! खरं कारण एवढंच की तिथवर पुकारा ऐकू येत नाही. शिपाई वर दारात उभा राहून नाव पुकारतो, ते खाली पोचत नाही. मग मी वर गेले आणि अर्ज लिहिला. वादीची साक्षीदार आजारी असल्यामुळे आज हजर राहू शकत नाही, तरी मुदत मिळावी. माझ्या अक्षरात. खाली माझी सही.

समोरच्या वकिलाने अर्जावर "हरकत नाही" लिहिलं. जिना चढताना त्याने आत्याला बशीतून चहा पिताना पाहिलं होतं. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. निवडणुकीत त्याने मला मत दिलं, तसं त्यानेच नंतर सांगितलं.

खाली येऊन मी सांगितलं की आज साहेब रजेवर आहेत. विमलचा चेहरा पडला. आत्याने मात्र काय विचारावं? "साएब आजारी हाय का गो? औषध घेतंय ना टायमाला?" मी म्हटलं, हो, घेतात. आणि रिक्षा पकडून बदलापूरला गेले.

पुढच्या तारखेला पुन्हा तेच. या वेळी कुणाचा फोन नव्हता, मलाच अंबरनाथच्या वकिलांना गाठायचं होतं. तोच बाक, तोच चहा, तसाच अर्ज. पहिल्या खेपेला मजकूर मनात दोनदा जुळवला होता, दुसऱ्या खेपेला सरळ लिहिला. तिसरी तारीख नेमकी मतदानाच्या दिवशी आली. त्या दिवशी कुणीच वकील काम चालवत नाही, ती मी माझ्या माथी घेत नाही. पहिल्या दोन माझ्या. पाहा, अजूनही मी हिशेब चोख मांडते आहे, जणू कुणी न्यायाधीश समोर बसला आहे.

मी निवडून आले. थोडक्या मतांनी, पण आले. गुलाल, पेढे, कोर्टाच्या आवारात माझ्या नावाचा फलक. विमल हार घेऊन आली होती. आत्याने विमलपाशी निरोप दिला होता की वकीलबाईला सांग, आता तू मोठी झालीस, आता तरी माझी पाळी लवकर आण. विमलने तो हसत सांगितला. मीही हसले.

पाळी आली नाही. दिवाळीच्या सुट्टीत आत्याला ताप भरला आणि चार दिवसांत ती गेली. मी सोनिवलीला गेले होते. अंगणात नव्या इमारतींची सावली पडलेली, आणि विमल भिंतीला टेकून बसली होती. मला पाहिल्यावर ती उठली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात! मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्या क्षणी मला सांगता आलं असतं का? आलं असतं. माणसं होती आजूबाजूला, म्हणून नाही सांगितलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला पटवत होते. पण नंतर कितीतरी वेळा आम्ही दोघीच होतो.

दावा फेटाळला गेला. निकालात एक वाक्य आहे, वादीने हक्कसोड पत्र स्वखुशीने करून दिल्याचे दिसते. ज्या एका गोष्टीसाठी ती माझ्याकडे आली होती, तिच्या बरोबर उलट, कोर्टाच्या शिक्क्यासह. मी तिला ते वाक्य वाचून दाखवलं नाही. भावाने वाचून दाखवलं. पालेगावात आता ते सगळ्यांना पाठ आहे.

तुम्हाला वाटेल, हीच माझी चूक. हावरेपणा, खोटा अर्ज, दोन तारखा. मलाही वाटलं असतं की इथेच थांबावं. एवढं सांगूनही माणूस थोडा बरा वाटू शकतो, नाही का? निवडणुकीच्या धुंदीत हातून गेलं. म्हातारी मरेल हे कुणाला माहीत होतं. पण मी हे लिहायला बसले ते यासाठी नाही.

निकालानंतर आठवड्याभरात विमल ऑफिसात आली. म्हणाली, "मॅडम, वरच्या कोर्टात जाऊ. आत्या नाय, पन सुईनीची सून हाय, तिला बी ठावं हाय. मी सगल्या कागदांच्या नकला काडते." तिने विचारून ठेवलं होतं, नकलेचा अर्ज कुठे करायचा तेही. त्या बाईत अजून दम होता. आणि खटला मेलेला नव्हता. साक्षीदार वारली, आणखी एक साक्ष घेऊ द्या, असं मागता आलं असतं. मिळालंही असतं कदाचित. मी तिच्या जागी असते तर लढले असते.

पण नकला काढल्या असत्या तर त्यात ते दोन अर्ज आले असते. साक्षीदार आजारी. खाली तारखा, आणि त्या दोन्ही दिवशी ती स्वतः आत्याचा हात धरून खालच्या बाकावर बसली होती. विमल लग्नानंतर, मुलीच्या पुस्तकांवरून वाचायला शिकलेली आहे. तिला ते वाचता आलं असतं.

मी खुर्चीवरून उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, विमल, अपिलात आता काही उरलेलं नाही. मी तुझी बहीण म्हणून सांगते, उगाच कोर्टाच्या फेऱ्यांत आयुष्य घालवू नकोस. अगदी हळू आवाजात सांगितलं. तिने नकलांसाठी आणलेले पैसे पुन्हा पदराला बांधले. मग म्हणाली, "तुमी बोलता तर तसाच असंल." माझे दोन्ही हात तिने कपाळाला लावले आणि गेली.

ती अजून सोनिवलीतच आहे. श्रावणात माझ्याकडे परसातली भेंडी पाठवते, मी ती करते आणि खाते. तुम्हाला हे सगळं सांगितलं, तिला सांगितलेलं नाही. सांगेन असंही म्हणत नाही.

अपिलाची मुदत तीस दिवसांची असते. ते तीस दिवस मी जिन्यावर पायांचा आवाज आला की दाराकडे बघायचे, विमल तर नाही ना. ती आली नाही. एकतिसाव्या दिवशी दुपारी मी ऑफिसात डबा उघडला आणि पोटभर जेवले. मला हलकं वाटत होतं. अपराधी नाही, दुःखी नाही — हलकं.